लिस्बनला धास्ती कशाची होती?

जुलै १९७३ मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान मार्सेलो कायतानो लंडनला निघाले होते ते एका सोहळ्यासाठी. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्या मैत्रीच्या तहाला सहाशे वर्षे पूर्ण होत होती. मेजवान्या ठरल्या होत्या, भाषणे तयार होती. पाहुणे यायला जेमतेम आठवडा उरला असताना, १० जुलैला, ‘द टाइम्स’ने मोझांबिकमधल्या विरियामू नावाच्या एका गावाची हकिगत पहिल्या पानावर छापली. ती उघड करणारे एड्रियन हेस्टिंग्ज हे ब्रिटिश कॅथलिक धर्मगुरू होते. आदल्या वर्षीच्या १६ डिसेंबरला पोर्तुगीज विमानांनी तेते शहराजवळच्या या वस्तीवर आणि शेजारच्या वाड्यांवर बॉम्ब टाकले होते. मागोमाग हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरले. त्यांनी माणसे गोळा करून गोळ्या घातल्या, काहींना झोपड्यांत कोंडून जाळले. बायका, म्हातारी माणसे, तान्ही मुले कुणाचीच त्यांनी गय केली नाही. मृतांचा आकडा चारशेच्या घरात होता.

पोर्तुगीज सरकारने आधी सांगून टाकले की असे गावच अस्तित्वात नाही.

हे उत्तर एरवी चालूनही गेले असते. नकाशावर ठिपकासुद्धा नसलेल्या गावासाठी युरोपात कोण भांडणार? पण या वेळी कागदावर नावे होती. जखमी अवस्थेत निसटलेल्या माणसांना तेतेच्या मिशनमधल्या आफ्रिकन आणि स्पॅनिश धर्मगुरूंनी एकेक करून विचारले होते, कोणाच्या घरातले कोण गेले, कोणते मूल किती वर्षांचे होते. ती यादी लपवूनछपवून मोझांबिकबाहेर स्पेनला गेली आणि तिथून हेस्टिंग्ज यांच्या हाती आली. कायतानो लंडनला आले तेव्हा निदर्शकांनी त्यांना गाठले. विरोधी पक्षनेते हॅरल्ड विल्सन यांनी तर दौराच रद्द करण्याची मागणी केली होती. त्याच महिन्यात हेस्टिंग्ज संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक समितीसमोर साक्ष देऊन आले आणि वर्ष संपण्याआधी आमसभेने मोझांबिकमधल्या हत्याकांडांच्या चौकशीसाठी आयोग नेमला.

आंतरराष्ट्रीय दबाव म्हटले की डोळ्यांपुढे ठराव येतात, निषेधाचे खलिते येतात. पोर्तुगालवर असे ठराव तेरा वर्षे कोसळत होते आणि लिस्बन ते अंग झटकावे तसे झटकून टाकत होते. ज्या दबावाने ती राजवट खरोखर अस्वस्थ झाली तो वेगळ्या वाटांनी आला. धर्मगुरूंच्या वह्यांतून आला, तुरुंगातल्या कैद्यांच्या नावांमधून आला, कॉफीच्या गिऱ्हाइकांकडून आला. आजची युद्धे पाहताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

ठराव का पचले, ते आधी पाहायला हवे. १९५१ साली पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या राजवटीने घटना बदलली आणि वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाल्यावर पोर्तुगालने सांगितले की आमच्याकडे वसाहतीच नाहीत, मग अहवाल कसला द्यायचा? गोव्याबद्दलही हेच उत्तर होते. डिसेंबर १९६० मध्ये आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा जाहीरनामा ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी पोर्तुगालच्या वसाहतींची नावे घेऊन त्यांचा हिशेब मागितला. त्या यादीत अंगोला होता, मोझांबिक होता आणि गोवाही होता.

वर्षभराने भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा पाश्चात्त्य देशांनी सुरक्षा परिषदेत शस्त्रसंधीचा ठराव आणला. त्याला सात मते पडली आणि तो सोव्हिएत नकाराधिकाराने पडला, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण विरोधी चार मतांत सोव्हिएत संघ आणि सिलोन यांच्या जोडीला लायबेरिया आणि इजिप्तही होते. गोव्याच्या मुक्तीमागे आफ्रिकेची दोन मते उभी राहिली होती, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींमधल्या चळवळींची संयुक्त संघटना उभी राहिली होती, आणि तिच्या कामात बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांझा पुढे होते. गोवा मुक्त झाला तरी त्यांनी आफ्रिकेची लढाई सोडली नाही. १९८६ साली मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्यासोबत विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

मोठ्या सत्तांचे मात्र दुटप्पी वर्तन चालू होते. मार्च १९६१ मध्ये केनेडी सरकारने अंगोलाच्या प्रश्नावर चक्क सोव्हिएत संघासोबत पोर्तुगालविरुद्ध मत दिले. पण अटलांटिकमधल्या अझोरस बेटांवरचा हवाई तळ अमेरिकेला हवा होता आणि त्याचा करार संपत आला होता. लवकरच अमेरिकेचा सूर नरमला. नाटोचा संस्थापक सदस्य असलेल्या पोर्तुगालला मित्रदेशांकडून विमाने आणि दारूगोळा मिळत राहिला. त्याआधी, ऑगस्ट १९५९ मध्ये, पोर्तुगीज गिनीतल्या बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर पगारवाढ मागणाऱ्या गोदी कामगारांवर गोळीबार झाला, पन्नासच्या आसपास माणसे मेली, पण युरोपातल्या वर्तमानपत्रांनी त्याची विशेष दखल घेतली नाही. मेलेल्यांची नावे लिहून बाहेर पाठवणारे तिथे कोणी नव्हते.

नावांची ताकद पहिल्यांदा दिसली ती कैद्यांच्या बाबतीत. २८ मे १९६१ रोजी पीटर बेनेन्सन यांनी ‘ऑब्झर्व्हर’मध्ये विस्मृतीत गेलेल्या सहा कैद्यांवर लेख लिहिला. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलची सुरुवात तिथून झाली. त्या सहांपैकी एक होते अंगोलाचे डॉक्टर आणि कवी आगोश्तिन्यू नेटो. पोर्तुगालमधल्या नजरकैदेतून निसटलेला हा माणूस पुढे स्वतंत्र अंगोलाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. मराठी वाचकाला इथे मोहन रानडे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. मूळचे सांगलीचे, गोव्यात मराठी शिकवायला गेलेले आणि आझाद गोमांतक दलात लढलेले रानडे १९५५ साली पकडले गेले. गोवा स्वतंत्र झाल्यावरही ते पोर्तुगालच्या कोठडीत होते. त्यांच्यासाठी तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप पॉल सहावे यांना गळ घातली, आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले.

पोर्तुगालच्या बाबतीत पोपचे दार ठोठावणे हा भाबडेपणा नव्हता. आपण आफ्रिकेत ख्रिस्ती संस्कृती पोहोचवतो आहोत, या दाव्यावर ती राजवट तगून होती. म्हणूनच १ जुलै १९७० रोजी याच पोपनी अमिल्कार काब्राल, नेटो आणि मार्सेलिनू दुश सांतुश या तीन बंडखोर नेत्यांची भेट घेतली तेव्हा लिस्बनने संतापून व्हॅटिकनमधला आपला राजदूत माघारी बोलावला. संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही ठरावाने एवढी तडफड झाली नव्हती. पुढच्या वर्षी ‘व्हाइट फादर्स’ या मिशनरी संघाने मोझांबिकमधून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. चर्च आणि राजवटीची ही हातमिळवणी आपल्याला मान्य नाही, हे त्यांनी उघड सांगितले. विरियामूची यादी करणारे धर्मगुरू याच अस्वस्थतेतून आले होते.

दुसरा धक्का बाजारातून बसला. अंगोलाच्या मळ्यांत कंत्राटी सक्तीच्या मजुरीवर पिकलेली कॉफी नेदरलँड्समध्ये मोठ्या प्रमाणावर जात असे. तिथल्या अंगोला समितीने १९७२ साली मोहीम उघडली आणि अंगोलाची कॉफी विकत घेणे म्हणजे युद्धाला पैसा पुरवणे, असे घरोघर सांगितले. गिऱ्हाइके दुकानदाराला विचारू लागली. काही महिन्यांतच डच कॉफी कंपन्यांनी अंगोलाचा माल घेणे जवळजवळ थांबवले. त्याआधी, १९६९ मध्ये, स्वीडनमधल्या विरोधामुळे तिथल्या असिया या वीजयंत्रे बनवणाऱ्या कंपनीला मोझांबिकमधल्या झांबेझी नदीवरच्या काबोरा बासा धरणाच्या कामातून बाहेर पडावे लागले होते. धरण तरीही झाले, हेही खरे. दबाव प्रत्येक ठिकाणी जिंकत नाही. पण आपला माल आणि आपली कंत्राटे सुरक्षित आहेत, ही लिस्बनची खात्री मात्र तेव्हापासून गेली.

विसाव्या शतकाच्या आरंभी काँगोत हेच घडले होते. जहाज कंपनीतला कारकून ई. डी. मोरेल याला अँटवर्पच्या बंदरातल्या नोंदींवरून दिसले की काँगोतून रबर आणि हस्तिदंत भरभरून येतात आणि परत जाताना जहाजांत बंदुका व काडतुसे असतात. हा व्यापार नव्हे, हे त्याने ओळखले आणि १९०४ मध्ये मोठी चळवळ उभारली. अखेर १९०८ साली बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याला आपली खासगी वसाहत असलेला काँगो सोडावा लागला. पण तो गेला बेल्जियम सरकारच्या ताब्यात, आणि काँगोच्या माणसांना स्वातंत्र्यासाठी १९६० उजाडावे लागले. बाहेरच्या दबावाने अत्याचार कमी होऊ शकतात, मात्र राज्य कोणाचे हे तिथल्या लोकांनाच लढून ठरवावे लागते.

गिनी-बिसाऊने ते ठरवले. काब्राल यांच्या पक्षाने जंगलात शाळा चालवल्या, दवाखाने चालवले, निवडणुका घेतल्या. एप्रिल १९७२ मध्ये इक्वेडोर, स्वीडन आणि ट्युनिशियाचे तीन प्रतिनिधी पोर्तुगालला न जुमानता संयुक्त राष्ट्रांतर्फे त्या मुक्त भागात गेले आणि सगळे डोळ्यांनी पाहून आले. जानेवारी १९७३ मध्ये काब्राल यांची हत्या झाली, तरी सप्टेंबरमध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये आमसभेने त्यावर ९३ विरुद्ध ७ मतांनी शिक्कामोर्तब केले. अमेरिका आणि ब्रिटन विरोधातच होते.

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये राजवट कोसळली ती पोर्तुगीज सैन्यातल्याच कॅप्टन दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या हातून. तीन आघाड्यांवरचे न जिंकता येणारे युद्ध, सरकारी खर्चाचा जवळपास ४० टक्के वाटा गिळणारी लष्करी तरतूद आणि वर्षानुवर्षांची सक्तीची भरती यांनी ते पिचले होते. एका वर्तमानपत्रातल्या लेखाने क्रांती झाली असे कोणी म्हणू नये. पण आपण ज्यासाठी मरतो आणि मारतो ते जगासमोर कशानेच झाकले जात नाही, हे त्या अधिकाऱ्यांनाही कळून चुकले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान आंतोनिओ कोश्ता मापुतोत उभे राहिले आणि विरियामू हे अक्षम्य कृत्य होते, त्याने आपल्या इतिहासाला कलंक लागला, असे त्यांनी सांगितले. कोश्ता यांचे वडील गोव्यातल्या मडगावच्या घराण्यातले लेखक होते. माफीला पन्नास वर्षे लागली, पण ती एका गोंयकाराच्या मुलाच्या तोंडून आली.

आता सुदान. एप्रिल २०२३ पासून तिथे सैन्य आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल एकमेकांशी लढत आहेत. एक कोटीहून अधिक माणसे घरादारातून उखडली गेली आहेत. दार्फूरमधल्या अल-फाशेर शहराला वर्षभराहून अधिक काळ वेढा पडला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये निमलष्करी दलाने ते घेतले, आणि तिथल्या प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक जणांना मारल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. इथे पुरावा नाही असे कोण म्हणेल? उपग्रहांच्या छायाचित्रांत जमिनीवरचे रक्ताचे डाग दिसले, मारेकऱ्यांनी स्वतःच चित्रफिती पसरवल्या. विरियामूसाठी सात महिने लागले होते, अल-फाशेर जगाने त्याच आठवड्यात पाहिले. मग दबाव का निर्माण होत नाही?

कारण मोरेलने जो प्रश्न अँटवर्पच्या धक्क्यावर विचारला, डच गिऱ्हाइकाने दुकानात विचारला, तो कोणी पुरेशा मोठ्याने विचारत नाही. सुदानच्या युद्धाचा पैसा मोठ्या प्रमाणात सोन्यातून येतो. दोन्ही बाजू सोने विकतात आणि त्यातले बरेचसे संयुक्त अरब अमिरातीत पोहोचते. निमलष्करी दलाला शस्त्रे पुरवल्याचे आरोप अमिरातीने नाकारले आहेत. पण दुबईच्या बाजारात वितळून एक झालेल्या सोन्याचे मोठे गिऱ्हाईक भारत आहे, हे कोणालाच नाकारता येणार नाही. मे २०२२ पासून लागू झालेल्या भारत-अमिरात व्यापार करारानुसार अमिरातीतून येणाऱ्या सोन्याच्या ठरावीक कोट्याला आयात शुल्कात सवलतही मिळते.

झवेरी बाजारातली किंवा जळगावातली गृहिणी अंगठी घेताना हॉलमार्क तपासते. तो शिक्का तिला शुद्धता सांगतो. ते सोने कोणत्या खाणीतून आले हे तिला कळायला आज कोणताच मार्ग नाही, आणि याचा दोष तिला देणे अन्याय ठरेल. डच गिऱ्हाइकालाही आपोआप कळले नव्हते, कुणीतरी शोधून सांगितले होते. हे काम सरकार करू शकते. सवलतीच्या कोट्यातून येणाऱ्या प्रत्येक खेपेसोबत खाणीचे मूळ सांगणारे प्रमाणपत्र मागावे, ते नसेल तर सवलत देऊ नये. करारात फेरबदलाची बोलणी होतील तेव्हा ही अट भारताने टेबलावर ठेवावी. आणि राज्यातल्या सराफांच्या संघटनांनी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. दसरा आणि पाडव्याच्या खरेदीआधी आपल्या दुबईच्या पुरवठादाराला एक पत्र धाडून सुदानचे सोने यात आहे का, एवढे लेखी विचारायला त्यांना कोणाची परवानगी लागत नाही.