झडती पाळण्याची घ्या

मनोरंजन उद्यानाच्या दारात सर्वांत कसोशीने तपासली जाते ती पाहुण्यांची पिशवी. पाण्याची बाटली, आजीने बांधून दिलेले पराठे, लहानग्याचा चिवडा असे सगळे बाजूला काढले जाते, कारण आतल्या उपाहारगृहाचा धंदा त्यावर अवलंबून आहे. या झडतीला सुरक्षा असे नाव आहे. आत गेल्यावर ज्या पाळण्यात आपण मुलाला बसवतो, तो आज सकाळी कोणी तपासला, त्याचे बोल्ट शेवटचे कधी बदलले, बटण दाबणाऱ्या पोराला किती दिवसांचे प्रशिक्षण मिळाले, हे विचारले तर उत्तर देणारा माणूस सापडत नाही. सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर असताना हा प्रश्न आम्ही आज मोठ्याने विचारत आहोत. तो वेळेवर न विचारल्याची किंमत देशाने अनेकदा मोजली आहे.

जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी लोलकासारखा झुलणारा पाळणा हवेतच तुटून खाली आला. त्यात बसलेल्यांपैकी काहींचे जीव गेले, पंचवीसहून अधिक जखमी झाले. हा तलाव आणि त्याभोवतीचा परिसर खुद्द महापालिकेचा. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या जत्रेत उंच खांबावरचा फिरता पाळणा माणसांसकट जमिनीवर आदळला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या कापसहेडा भागातील उद्यानात रोलर कोस्टरवरून पडून चोवीस वर्षांची तरुणी मरण पावली. प्रत्येक वेळी चौकशी बसली, गुन्हा दाखल झाला, दारांना टाळे लागले. पुढच्या हंगामात तिथे नाही तर दुसरीकडे तेच घडले.

राजकोटबद्दल मात्र थांबून बोलायला हवे. २५ मे २०२४ चा तो शनिवार होता. मुलांना सुट्टी होती आणि टीआरपी गेम झोनमध्ये ९९ रुपयांत प्रवेश होता, म्हणून घरेच्या घरे तिथे आली होती. पत्र्याच्या त्या शेडमध्ये वेल्डिंगचे काम चालू होते. जनरेटर आणि गो-कार्टसाठी लागणारे इंधन आतच साठवलेले होते. ठिणगी पडली आणि काही मिनिटांत सगळी शेड पेटली. बाहेर पडायला पुरेशा वाटा नव्हत्या. २७ माणसे गेली, त्यात लहान मुले होती. अनेकांची ओळख डीएनए चाचणीशिवाय पटवता आली नाही. त्या जागेला पोलिसांचा परवाना होता, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला नव्हता. एका खात्याने दार उघडून दिले, दुसऱ्या खात्याचा कागद आलाच नाही आणि हे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेत या प्रकाराला मानवनिर्मित आपत्ती म्हटले. त्यानंतर गुजरातने पाळणे आणि गेम झोनसाठी सुरक्षा नियम केले. एवढी माणसे गेल्यावर का होईना, तिथे नियम तरी झाले.

महाराष्ट्रात काय आहे? आपल्या सोसायटीच्या लिफ्टसाठी या राज्यात १९३९ पासून कायदा आहे. २०१७ मध्ये तो नव्याने केला गेला आणि सरकते जिनेही त्यात आले. तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर नेणाऱ्या पेटीला परवाना लागतो, निरीक्षक लागतो, ठरावीक काळाने तपासणी लागते. माणसाला उलटे टांगून फिरवणाऱ्या, वीस-पंचवीस माणसांना एका झटक्यात खाली सोडणाऱ्या यंत्रासाठी मात्र देशात स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. मुंबईत सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याचे जे नियम आहेत ते मुंबई पोलीस कायद्याखाली १९६० साली केलेले आहेत आणि त्यांच्या शीर्षकातच मेळे आणि तमाशे आहेत. त्या काळी त्यांनी आपले काम केले असेल. आज संगणकाने चालणारा रोलर कोस्टर त्यांच्या चौकटीत बसवण्याचा प्रयत्न करणे म्हणजे जबाबदारीपासून पळणे आहे.

बाकी सगळे वाटलेले आहे. विजेचे विद्युत निरीक्षकाने पाहायचे, बांधकामाचे सार्वजनिक बांधकाम खात्याने, आगीचे अग्निशमन दलाने, गर्दीचे पोलिसांनी. यंत्र म्हणून पाळणा कोण पाहणार? भारतीय मानक ब्यूरोने २००४ मध्ये पाळण्यांच्या आणि जलउद्यानांच्या सुरक्षेसाठी मानके प्रसिद्ध केली. ती शिफारशींच्या स्वरूपाची आहेत, म्हणजे ज्याला पाळायची त्याने पाळावीत. चांगली उद्याने ती पाळतातही, हे आम्ही मान्य करतो. पण मुलाचा जीव मालकाच्या चांगुलपणावर सोडून देता येत नाही. याच उद्योगावरचा वस्तू आणि सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणायला सरकारला २०१८ च्या जानेवारीत सवड मिळाली. कराची चिंता जरूर करावी, पण तेवढीच तत्परता सुरक्षेच्या बाबतीत का दिसत नाही?

आता गर्दीकडे वळू. गर्दीची तक्रार लोक रांगेची तक्रार म्हणून करतात. चार जणांचे कुटुंब तिकिटांचे भरपूर पैसे मोजून आत येते. मग उन्हात तासभर उभे राहायचे आणि जास्त पैसे भरलेले लोक शेजारच्या रांगेतून पुढे जाताना पाहायचे. हा राग रास्तच आहे. पण गर्दीने होणारे खरे नुकसान रांगेत दिसत नाही, ते पाळण्यावर होते. पाळणा एका तासात किती फेऱ्या करणार हे ठरलेले असते. रांग वाढली की फेऱ्या वाढवण्याचा दबाव येतो आणि वेळ वाचवायचा तर तो एकाच ठिकाणी वाचतो, मांडीवरचा दांडा नीट अडकला का हे हाताने ओढून पाहण्यात. दिवसभरात शेकडो वेळा तेच करणारा, हंगामापुरता नेमलेला, दुपारचे जेवणही उभ्याने उरकणारा मुलगा संध्याकाळी पाच वाजता तेवढ्याच काळजीने प्रत्येक दांडा ओढेल, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करायची? वेव्ह पूलमध्ये तर गर्दी हाच थेट धोका आहे. पाण्यात माणसांची दाटी झाली की जीवरक्षकाला तळ दिसत नाही, आणि बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही.

थांबलेले यंत्र लवकर सुरू करण्याची घाई काय करते याचे उदाहरण ब्रिटनमधले आहे. आल्टन टॉवर्स या नामांकित उद्यानात जून २०१५ मध्ये रोलर कोस्टरची एक गाडी संगणकाने थांबवली होती, कारण पुढच्या रुळावर रिकामी गाडी अडकलेली होती. कर्मचाऱ्यांनी संगणकाचा आदेश ओलांडून माणसांनी भरलेली गाडी पुढे सोडली. टक्कर झाली आणि दोन तरुणींना पाय गमवावा लागला. तो पाळणा अवघ्या दोन वर्षांचा होता. पुढच्या वर्षी न्यायालयाने कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड केला.

जुन्या पाळण्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे आणि तो समजून घेण्यासाठी ऑस्ट्रेलियातील ड्रीमवर्ल्ड उद्यानाची घटना प्रत्येक उद्यानमालकाने वाचायला हवी. तिथली थंडर रिव्हर रॅपिड्स ही राइड १९८६ ची. कृत्रिम नदीतून गोल तराफे वाहत जायचे आणि शेवटी सरकत्या पट्ट्यावर चढायचे. साधी, सौम्य, आजी-आजोबांनाही चालेल अशी. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी पाणी खेळवणाऱ्या दोन पंपांपैकी एक बंद पडला. त्या दिवशी तो आधीच दोनदा बंद पडला होता आणि दोन्ही वेळा पुन्हा सुरू करून राइड चालू ठेवली होती. तिसऱ्या वेळी पाण्याची पातळी उतरली, एक तराफा अडकला, मागून येणारा त्याच्यावर आदळला आणि सरकता पट्टा चालूच राहिला. चार जण ठार झाले. यंत्र चालवणाऱ्यांपैकी एकीला त्या जागेचे प्रशिक्षण त्याच सकाळी मिळाले होते. पट्टा चटकन थांबवणारे बटण होते, पण ते नेमके कशासाठी हे तिला कोणी नीट सांगितले नव्हते. तीस वर्षांत या राइडमध्ये किती तरी फेरफार झाले, पट्ट्यावरच्या फळ्याही मधूनमधून काढल्या गेल्या, पण या सगळ्याचा धोका अभियंत्याच्या नजरेने एकत्र कधी तपासला गेला नाही. २०२० मध्ये चौकशीचा अहवाल आला आणि कंपनीला ३६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. हे उद्यान ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडने त्याआधीच, २०१९ मध्ये, पाळण्यांची दर दहा वर्षांनी मोठी तपासणी बंधनकारक केली.

वय हा स्वतः गुन्हा नाही. कोपनहेगनच्या टिव्होली उद्यानातला लाकडी रोलर कोस्टर १९१४ पासून फिरतो आहे आणि त्याच्या प्रत्येक गाडीत आजही ब्रेक लावणारा माणूस बसतो. व्हिएन्नाचा महाकाय पाळणा १८९७ चा. दुसऱ्या महायुद्धात तो जळाला. पुन्हा उभा केला तेव्हा त्याच्या सांगाड्याला झेपेल एवढाच भार ठेवायचा म्हणून ३० डब्यांऐवजी १५ च लावले. आजही डबे १५ च आहेत. कमाई निम्म्यावर आली तरी चालेल, हा निर्णय तिथे कोणीतरी घेतला.

आपल्याकडे जुन्या पाळण्याचे दोनच शेवट दिसतात. दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली सुरू झाले आणि २००८ मध्ये बंद पडले. गोराईच्या एस्सेलवर्ल्डने १९८९ पासून मुंबईच्या दोन पिढ्यांना बोटीतून पलीकडे नेले, आणि आज तिथले पाळणे थांबलेले आहेत. हा एक शेवट. दुसऱ्यात जुन्या सांगाड्याला नवा रंग आणि नवे नाव देऊन तो तसाच फिरवत ठेवतात. रंगाखाली गंज आहे का, हे तिकीट काढणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून पाळणा जुनाट वाटतो ही तक्रार नुसत्या कंटाळ्याची समजू नये. जो मालक दहा-पंधरा वर्षांत वर दिसणाऱ्या गोष्टीवर खर्च करत नाही, तो आतल्या बेअरिंगवर करत असेल असे गृहीत धरायला आम्ही तयार नाही.

आणि मग आपल्या जत्रा. माहीमचा उरूस, वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा, गावोगावचे देवाचे उत्सव. तिथे आकाशपाळणा, ब्रेकडान्स, टोराटोरा उभे राहतात. ट्रकमधून सुटे भाग येतात, मैदान मिळते त्या जागी, कधी ओल्या जमिनीवर, लाकडी ठोकळे लावून पाया समतल केला जातो आणि दोन-तीन दिवसांत पाळणा फिरू लागतो. पुढच्या गावी पुन्हा तेच. प्रत्येक उभारणीत शेकडो पिना आणि नट हाताने बसवले जातात, आणि त्यातली एक कॉटर पिन राहिली तरी पुरते. मोठ्या उद्यानाकडे निदान अभियंता असतो. इथे पाळणेवाल्याचा अनुभव हाच दाखला. हे लोक गरीब आहेत, त्यांचे पोट या पाळण्यावर आहे, आणि म्हणूनच तपासणीचा खर्च त्यांच्या माथी न मारता तो जत्रेची जागा देणाऱ्या ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने किंवा देवस्थानाने उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. जागेचे भाडे त्यांच्याच तिजोरीत जाते.

राज्य सरकारने लिफ्टच्या कायद्याच्या धर्तीवर पाळण्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा आणि त्यासाठी यंत्र अभियंत्यांचे स्वतंत्र निरीक्षक मंडळ नेमावे. मालकाने स्वतः नेमलेल्या आणि स्वतः पैसे दिलेल्या तपासनिसाचा कागद पुरेसा मानू नये. प्रत्येक पाळण्यावर शेवटच्या तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याचे नाव मराठीत, ठळक अक्षरांत लावले जावे. उद्यानात एका वेळी किती माणसे असावीत याची मर्यादा परवान्यातच लिहावी आणि ती गाठली की तिकीटविक्री थांबावी. किरकोळ बिघाडाचीही नोंद सरकारकडे जावी. ड्रीमवर्ल्डचा पंप पहिल्यांदा बंद पडला तेव्हाच राइड थांबवली असती तर चार माणसे वाचली असती.

पालकांनी आणि सहलीच्या शिक्षकांनीही एक गोष्ट करावी. सहलीच्या बसचे कागद आपण मागतो, पाळण्याचेही मागावेत. कागद नाही म्हटले तर मुलांना त्यावर बसवू नये, तिकिटाचे पैसे वाया गेले तरी चालतील.

कायदा व्हायला वेळ लागेल, सुट्टीचे दिवस थांबणार नाहीत. तोपर्यंत प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने आपल्या हद्दीतील मनोरंजन उद्याने, जलउद्याने, गेम झोन आणि जत्रांची यादी करून, ज्या पाळण्याकडे स्वतंत्र अभियंत्याचा ताजा तपासणी दाखला नाही तो बंद ठेवण्याचा आदेश याच आठवड्यात काढावा.