विश्लेषण : अंगणातल्या जुन्या बाकाचे लाकूड पुन्हा वापरणे कितपत सुरक्षित?

नव्या सागवानाचे दर ऐकले की गच्चीवर पडून असलेल्या मोडक्या बाकाकडे नजर वळते. त्यातून एखादा पाट, फळी किंवा स्टूल सहज निघेल, असे वाटते. ते खरेही आहे. मात्र उन्हापावसात टिकावे म्हणून त्या लाकडावर कोणती प्रक्रिया झाली होती, हे न पाहता करवत चालवणे धोक्याचे ठरू शकते.

करडे पडलेले लाकूड वाया गेले का?

नाही. अतिनील किरणांमुळे लाकडातील लिग्निन हा घटक तुटतो, पावसाने तो धुऊन जातो आणि वरचा थर करडा होतो. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असल्याने त्याला वाळवी व बुरशी सहसा लागत नाही. रंधा मारला की आतले सोनेरी लाकूड दिसते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक सहज आत रुतले, तर मात्र तो भाग कुजला आहे.

मग धोका कशात?

पाइनसारखे मऊ लाकूड टिकावे म्हणून त्यात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे मिश्रण दाबाने मुरवले जाते. त्याला ‘सीसीए’ म्हणतात. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये ते शोधले आणि पुढे ते जगभर पोहोचले. आर्सेनिक कर्करोगकारक असल्याने अमेरिकेत बहुतांश घरगुती वापरासाठी असे लाकूड तयार करणे २००३ अखेर थांबले. आधी बसवलेले बाक काढून टाका, असे मात्र तिथे सांगितले गेले नाही. कारण खरा धोका असे लाकूड कापताना, घासताना उडणाऱ्या भुशाचा आणि ते जाळल्यावर निघणाऱ्या धूर-राखेचा असतो. त्याची हिरवट छटा कालांतराने फिकी पडते, त्यामुळे नुसत्या नजरेने ते ओळखता येत नाही.

जुन्या रंगाचे काय?

भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. असा रंग कोरड्या सँडपेपरने घासू नये.

काळजी काय घ्यावी?

लोहचुंबक फिरवून लपलेले खिळे शोधावेत. मूळ माहीत नसलेल्या पाइनपासून पोळपाट, पाळणा किंवा खेळणी करू नयेत, त्याचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत घालू नयेत. लाकडाचा भुसा मुळातच कर्करोगकारक मानला जातो. त्यामुळे साग कापतानाही चांगला मास्क हवा.

बाक कुठून आला, कधी रंगवला, हे मालकाला ठाऊक असते, सुताराला नाही. भुसा मात्र सुताराच्याच छातीत जातो. म्हणून काम देताना ही माहिती त्याला आधीच सांगायला हवी.