नवीन मोबाईल घेऊ नका, आधी हातातला कामाला लावा



मागे साकोलीच्या एका बॅचमध्ये एका ताईनं विचारलं, "सर, पापड-शेवयांचा धंदा सुरू करतेय. मोबाईल नवीन घ्यावा लागेल ना? चोवीस हजाराचा पाहून ठेवला आहे, ईएमआयवर."

मी म्हटलं, "ताई, आधी हातातला दाखवा." तीन वर्षं जुना फोन. कोपऱ्यात काच तडकलेली, मेमरी फुल्ल. गॅलरी उघडली तर शुभ सकाळचे फोटो, तीन लग्नांचे व्हिडिओ आणि एकच पोस्टर सतरा वेळा. आम्ही बसून ते सगळं काढलं. अकरा जीबी जागा रिकामी झाली आणि फोन पळायला लागला. मग मी विचारलं, "आता तुमच्या पापडाचा एक फोटो दाखवा." तो मात्र एकही नव्हता.

आजचा विषय हाच आहे. मोबाईल जुना आहे म्हणून धंदा अडत नाही. मोबाईल कामाला लावलेला नाही म्हणून अडतो. आणि या गैरसमजाला आम्ही ट्रेनर लोकही जबाबदार आहोत. "धंद्यासाठी एकवीस ॲप्स" असा एक व्हिडिओ मीसुद्धा केला होता. चालला पण चांगला. आज विचाराल तर त्यातली सतरा ॲप्स माझ्याच फोनमध्ये नाहीत. तो सल्ला मी मागे घेतोय.

आधी हिशोब

चोवीस हजाराचा फोन म्हणजे महिन्याला दोन हजार, बारा महिने. व्याज नाही असंच धरू. तुमच्या मालावर वीस टक्के सुटत असतील, तर दोन हजार कमवायला महिन्याला दहा हजारांची विक्री जास्तीची व्हायला पाहिजे. वर्षाला एक लाख वीस हजार. नवीन फोन हातात आला म्हणून तेवढी विक्री वाढणार आहे का? हो असेल तर खुशाल घ्या. नसेल तर तो धंद्याचा खर्च नाही, हौस आहे. हौस करू नका असं मी म्हणत नाही, पण ती भांडवलातून करू नका.

माझी वही बुडाली, मग माझं ॲपही बुडालं

माझं भंडाऱ्यात भांड्यांचं दुकान आहे. पितळेचं गाव म्हणून आपलं नाव आहे, पण माझा धंदा चालतो तो लग्नाच्या आंदणावर आणि उधारीवर. इकडे गिऱ्हाईक कास्तकार आहे. धान विकलं, चुकारा खात्यात आला की पैसे येतात. तोवर सगळं वहीत. बाबांची लाल वही म्हणजे आमची बँक.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला. मध्य प्रदेशातलं पाणी आलं आणि शहरात शिरलं. भांडी धुऊन निघाली, पण वही लगदा झाली. त्यात चाळीस हजारांच्या आसपास येणी होती. बहुतेकांनी आठवणीनं पैसे आणून दिले, आपल्याकडची माणसं खरंच चांगली. पण काहींना आकडा आठवत नव्हता आणि आम्हालाही. त्या दहा-बारा हजारांवर पाणी सोडलं.

मग मी पेटलो. बीबीए झालेला पोरगा, सगळं मोबाईलवर घेतलं. वही बंद. बाबा म्हणाले, "दोन्ही ठेव." मी ऐकलं नाही. दीड वर्षानं फोन काउंटरवरून पडला आणि गेला. हिशोबाचं ॲप चांगलं होतं, दोष माझा. सगळी माहिती फक्त फोनमध्येच होती, बॅकअपचं बटण मी कधी दाबलंच नव्हतं. पुरानं जे केलं तेच माझ्या आळसानं केलं.

म्हणून माझं मत आता असं झालंय: वही चांगली की ॲप चांगलं, हा वादच फुकट आहे. हिशोब दोन जागी आहे की नाही, एवढंच विचारा. आज बाबा वही लिहितात, मी ॲपमध्ये चढवतो आणि रोज रात्री वहीच्या पानाचा फोटो काढून गुगल ड्राइव्हवर टाकतो. दोन मिनिटं लागतात. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, वहीच्या पानांना ती कितीतरी वर्षं पुरते. फक्त गॅलरीतला कचरा तिकडे चढवू नका.

आणि एक परीक्षा घ्याच. घरातल्या दुसऱ्या फोनवर तेच उधारीचं ॲप टाका, आपल्या नंबरनं लॉगिन करा आणि सगळी नावं दिसतात का बघा. दिसली तर तुमचा बॅकअप खरा. नाही दिसली तर तुम्ही पुराच्या आदल्या रात्री झोपलेले आहात.

ॲप तीनच, पण पूर्ण वापरा

पहिलं उधारीचं. ते झालं.

दुसरं व्हॉट्सॲप बिझनेस. २०१८ पासून आपल्याकडे आहे, फुकट आहे, तरी दहातले आठ जण त्यात फक्त स्टेटस टाकतात. त्यात कॅटलॉग आहे, ५०० वस्तू बसतात. फोटो, भाव, माप एकदा भरलं की "भाव काय?" या प्रश्नाला लिंक पाठवायची. त्यात लेबल आहेत. माझी लेबलं सांगतो: "आंदण विचारणा", "ॲडव्हान्स आला", "चुकाऱ्यानंतर". धानाचे पैसे खात्यात पडायला लागले की तिसरं लेबल उघडायचं आणि एकेकाला नमस्कार करायचा. वसुलीची भाषा नाही, "काका, चुकारा आला का?" एवढंच. ज्यानं कधी पैसे येणार ते आपल्याला आधीच सांगितलंय, त्याला वेळेवर विचारलं तर राग येत नाही.

ब्रॉडकास्टबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. म्हणून बिल देताना फोन हातात घेऊन सांगा, "ताई, दुकानाचा नंबर सेव्ह करून घ्या, नवीन माल आला की कळवतो." जाहिरातीवर दोन हजार घालण्याआधी हे फुकटचं काम करा.

तिसरं यूपीआय. २०१६ ला सुरू झालं तेव्हा आपल्या बाजारात कोणी विचारत नव्हतं, आज आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीलाही क्यूआर आहे. पण फसवणूकही तिथेच होते. गर्दीत कोणी स्क्रीनशॉट दाखवतो, आपण मान हलवतो आणि रात्री खात्यात पैसे नाहीत. नियम पक्का करा: गिऱ्हाइकाची स्क्रीन हा पुरावा नाही. आपल्या फोनवरचा बँकेचा मेसेज किंवा साउंडबॉक्सचा आवाज हाच पुरावा. साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं किती ते मात्र घेण्याआधी विचारा. दिवसाला पाच-सहाच व्यवहार असतील तर आवाज मोठा करून ठेवलेला आपला फोन पुरतो. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी "घ्यायला पिन टाका" म्हटलं की फोन ठेवा. फसलातच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

ॲक्सेसरी: दोन-तीन हजारांत काय घ्यावं

माझ्या मते क्रम असा आहे.

सगळ्यात आधी एक सुती रुमाल. हसू नका! कॅमेऱ्याची काच तेलकट बोटांनी माखलेली असते आणि आपण म्हणतो कॅमेरा खराब आहे. पुसा आणि मग फोटो काढा.

मग साधा ट्रायपॉड, पाचशेच्या आत मिळतो. हात हलला नाही की जुना फोनही बरा फोटो देतो. पितळेचा फोटो तर अजून अवघड, कारण लोट्यात फोटो काढणाराच दिसतो! त्यावर माझा उपाय: दुपारी दुकानाबाहेर सावलीत पांढरी चादर पसरायची, भांडं त्यावर ठेवायचं, मागेही पांढरं कापड लावायचं आणि जरा लांबून झूम करून काढायचं. फ्लॅश बंद. मोहाडीकडच्या टसरच्या साड्यांनाही हेच लागू आहे. उन्हात रंग उडतो, ट्यूबलाइटखाली बदलतो, सावलीत खरा दिसतो. गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर वेगळा रंग दिसला तर साडी परत येते आणि भरवसाही जातो.

तिसरं, पॉवर बँक. लाईन गेली म्हणून क्यूआरचा मेसेज दिसला नाही, हे कारण गिऱ्हाईक ऐकत नाही.

चौथं, ओटीजी आणि पेन ड्राइव्ह. दोन्ही मिळून पाच-सहाशेत. दर महिन्याला हिशोबाची पीडीएफ त्यात टाका आणि पेन ड्राइव्ह दुकानात नाही, घरी ठेवा. पूर आला तर दोन्ही जागा एकदम बुडू नयेत, एवढाच हेतू.

पाचवं, ब्लूटूथचा छोटा थर्मल प्रिंटर, दोन इंची. हा सगळ्यांना लागत नाही. रोज पंचवीस-तीस बिलं फाडत असाल तरच घ्या. आणि लक्षात ठेवा, त्या कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. हमीच्या मालाचं बिल असेल तर व्हॉट्सॲपवरही पाठवा.

टॅब? डिझाइन दाखवून विकणाऱ्याला उपयोगाचा. ब्लाउजचे गळे, मंडप, फर्निचर, साड्या. मोठ्या स्क्रीनवर सासू-सून दोघी एकदम बघतात आणि निर्णय लवकर होतो. बाकीच्यांच्या घरी त्यावर पोरं कार्टून बघतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

जुना फोन कपाटात असेल तर तो काउंटरला लावा. व्हॉट्सॲप मुख्य फोनशिवाय आणखी चार ठिकाणी जोडता येतं. मी माल आणायला तुमसरला गेलो तरी दुकानातला पोरगा त्याच नंबरवरून उत्तर देतो. त्या फोनवर यूपीआय आणि बँकेचं ॲप मात्र ठेवू नका.

मग नवीन फोन कधीच नको?

असं नाही. बँकेचं ॲप "हा फोन चालणार नाही" म्हणत असेल, बॅटरी बदलूनही दुपारपर्यंत टिकत नसेल, किंवा तुमचा धंदाच व्हिडिओवर उभा असेल, तर घ्या. पण आधी जुन्यातून कमावलेल्या पैशांनी घ्या. त्या ताईला मी हेच सांगितलं. तिनं ईएमआय सोडला. त्याच तडकलेल्या फोनवर पापडाचे बारा फोटो काढले, कॅटलॉग केला, आणि वाचलेल्या पैशातून पापड लाटायचं मशीन बघतेय. धंद्यात पैसा तिथेच घालावा जिथून माल निघतो.

या रविवारी अर्धा तास काढा. गॅलरी साफ करा, दुसऱ्या फोनवर लॉगिन करून बॅकअप तपासा, दहा वस्तूंचे फोटो कॅटलॉगला टाका. एवढं झालं की मग सांगा, नवीन फोन खरंच लागतो का. बॅकअपच्या परीक्षेत किती जण नापास झाले तेही खरं खरं कमेंटमध्ये लिहा. मी पहिला नापास झालेला आहे, तुम्हाला लाजायचं कारण नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदा जपा, हिशोब जपा.