लव आणि लाज

दृढीकरणाच्या तयारीला येणाऱ्या आमच्या मुली वर्ध्याच्या भर वैशाखातही पूर्ण बाह्यांत वावरतात. कारण हातावरची लव! आणि आम्ही आईबाप तिला शालीनता म्हणतो.

ही लाज श्रद्धेने शिकवलेली नाही. जर्मनीतील म्युन्नरश्टाटच्या चर्चसाठी तिल्मान रीमनश्नायडरने १४९० ते १४९२ या काळात लाकडात कोरलेली मग्दालीया मरीया पाहावी. वैराग्याच्या काळात केस हेच तिचे वस्त्र झाले, ही जुनी आख्यायिका. शिल्पकाराने तिच्या सर्वांगावर कुरळ्या लवेची खेळकर नक्षी उमटवली आणि देवदूतांनी तिला उचलून धरले. भाविकांनी तिला वेदीवर बसवले. तिची लव कोणी तासून काढली नाही. लाजेचा व्यापार पुढचा: खास स्त्रियांसाठी वस्तरा जिलेटने आणला तो १९१५ साली.

ज्या वर्ध्यात १९३८ साली मगन संग्रहालय उघडून जाड्याभरड्या खादीला मान मिळाला, तेथे तरी गुळगुळीतपणाची एवढी भीती का? महिला मंडळाने यंदा मुलींना खादीची अर्ध्या बाह्यांची पोलकी द्यावीत आणि बाह्यांवर त्यांची लव त्यांनाच काळ्या रेशमाने भरू द्यावी. वेलासारखी, वाटल्यास मुंग्यांच्या रांगेसारखी. धर्मगुरूंनी भुवया उंचावल्या, तर मुलींनी आदरपूर्वक त्यांच्या दाढीकडे पाहावे.