युद्धात कोण उतरले?

‘९ मार्च १९१६ रोजी पोर्तुगाल पहिल्या महायुद्धात उतरला.’ महायुद्धाच्या जाडजूड इतिहासातही या घटनेच्या वाट्याला बहुधा एवढी एकच ओळ येते. वाक्य अगदी शुद्ध आहे. कर्ता आहे, क्रियापद आहे, तारीखही आहे. परंतु व्याकरणाच्या तासाला आम्हांला जो प्रश्न विचारला जातो, तोच मला येथे विचारावासा वाटतो: या वाक्यातला कर्ता खरोखर कोण? देशाला काही हातपाय नसतात. मग उतरले कोण, आणि ‘उतरा’ असे सांगितले कोणी?

पोर्तुगालच का निवडला, असे कोणी विचारील. कारण त्या वेळी आपला गोवा त्या देशाच्या ताब्यात होता. १९६१ सालची मुक्ती आपल्याला तोंडपाठ असते, पण १९१६ साली गोवासुद्धा कागदोपत्री जर्मनीविरुद्ध युद्धात होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मलाही ते गेल्या वर्षी ग्रंथालयात बसून वाचेपर्यंत ठाऊक नव्हते.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोप पेटला, तेव्हा पोर्तुगालचे प्रजासत्ताक अवघे चार वर्षांचे होते. १९१० साली राजाला घालवून ते आले होते. इंग्लंडशी त्या देशाचा तह चौदाव्या शतकापासूनचा. ७ ऑगस्ट १९१४ रोजी लिस्बनच्या संसदेने या जुन्या मैत्रीशी आपण एकनिष्ठ असल्याचे जाहीर केले, पण युद्ध पुकारले नाही आणि तटस्थताही जाहीर केली नाही. इंग्लंडची इच्छाच तशी होती. म्हणजे धड अलिप्त नाही, धड लढणारा नाही, अशा उंबरठ्यावर हा देश दीड वर्ष उभा राहिला. लिस्बनमध्ये जर्मन वकील होता, व्यवहार चालू होते. आणि तिकडे आफ्रिकेत अंगोलाच्या सीमेवर नाउलिला येथे १८ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन फौजेने पोर्तुगीज ठाण्यावर हल्ला करून ते उधळून लावले होते. माणसे मेली होती, पण युद्ध नव्हते! मला वाटते, तटस्थ देश युद्धात शिरतो तो असाच. दरवाजा एकदम उघडत नाही, तो आधी किलकिला होतो.

दरवाजा पुरता उघडला तो जहाजांमुळे. युद्ध सुरू होताच इंग्रज आरमाराच्या भीतीने अनेक जर्मन व्यापारी जहाजांनी पोर्तुगीज बंदरांचा आसरा घेतला होता. काही आपल्या मुरगाव बंदरातही नांगर टाकून पडली होती. जर्मन पाणबुड्या इंग्लंडची जहाजे बुडवीत चालल्या, तसतशी इंग्लंडला जहाजांची चणचण भासू लागली आणि या रिकाम्या जहाजांकडे त्यांचे लक्ष गेले. १९१६ च्या फेब्रुवारीत इंग्लंडने विनंती केली आणि २३ तारखेला लिस्बनच्या बंदरातील जर्मन जहाजांवर पोर्तुगीज निशाण चढले. सर्व बंदरे मिळून अशी सुमारे सत्तर जहाजे होती. त्यांपैकी बरीचशी पुढे इंग्लंडच्याच कामाला लागली. दोन आठवड्यांनी जर्मनीने युद्ध पुकारले. म्हणजे शाळेतल्या पुस्तकासारखे लिहायचे तर पोर्तुगाल युद्धात उतरला नाही, त्याला उतरवून घेतले गेले. पण हेही अर्धेच खरे आहे, कारण लिस्बनमध्ये आफोंसो कोस्ता यांच्या पक्षाला हे युद्ध मनापासून हवे होते.

त्यांच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलले पाहिजे. ही माणसे मूर्ख नव्हती. पोर्तुगालच्या वसाहती आपसांत वाटून घेण्याची गुप्त बोलणी इंग्लंड आणि जर्मनी यांनी १८९८ मध्ये आणि पुन्हा युद्धाच्या थोडे आधी केली होती. जवळच्या मित्रानेच घराची वाटणी ठरवावी, असा हा प्रकार. आपण रणांगणावर दिसलो नाही, तर तहाच्या मेजावर आपलाच मोबदला दिला जाईल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. शिवाय राजेशाहीच्या युरोपात नव्या प्रजासत्ताकाला प्रतिष्ठा हवी होती. हे सगळे मान्य. फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या वसाहती वाचवायच्या होत्या त्या मुळात दुसऱ्यांच्या जमिनी होत्या, आणि त्यांत एक जमीन आपली होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. लढायला कोण गेले? १९११ च्या शिरगणतीनुसार पोर्तुगालमध्ये दर शंभरांतील सुमारे पंचाहत्तर माणसे निरक्षर होती. त्याच वर्षी प्रजासत्ताकाने सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा केला. आणि १९१३ मध्ये मतदानाचा कायदा केला, त्यात मताचा अधिकार फक्त लिहिता-वाचता येणाऱ्या पुरुषांना ठेवला. हे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ज्याला वाचता येत नाही त्याने मत द्यायचे नाही, पण बंदूक मात्र उचलायची. डोंगराळ मुलखातला शेतकरी, गुराखी, मजूर यांना फ्लँडर्स कुठे आहे हे ठाऊक नव्हते, आणि आपल्याला तेथे का नेत आहेत हे विचारण्याचा कायदेशीर मार्गही नव्हता.

हे वाचताना मला माझ्या पणजोबांची आठवण झाली. मी त्यांना पाहिलेले नाही. आजी सांगते ते मला माहीत. ते मुंडकार होते. सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये येई. तो वाचून घ्यायला ते भाटकाराकडेच जात, कारण वाड्यावर वाचता येणारा दुसरा कोणी नव्हता. कागद भाटकाराच्या तक्रारीवरूनच आलेला असला तरी वाचणारा भाटकारच! तो जे सांगेल ते खरे मानून पणजोबा अंगठा उठवून परत येत. आमच्या घरात महाविद्यालयात येणारा मी पहिला. म्हणून ‘निरक्षर’ हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात आकड्याच्या रूपाने आला की मी तो इतरांसारखा पटकन ओलांडू शकत नाही. निरक्षर माणसाला मत नसते असे नाही. त्याचे मत लिहून घ्यायला कोणी बसत नाही, इतकेच.

युद्धमंत्री होते नॉर्तोन द मातोस. हे गृहस्थ पूर्वी काही वर्षे गोव्यात जमीन-मोजणी खात्याचे प्रमुख होते, म्हणजे आपली भाटे-कुळागरे यांच्या साखळीखालून गेली असणार. त्यांनी १९१६ मध्ये तांकुश येथे छावणी घालून काही महिन्यांत फौज उभी केली. वर्तमानपत्रांनी त्याला ‘चमत्कार’ म्हटले. १९१७ च्या जानेवारीपासून माणसे जहाजाने फ्रान्सला जाऊ लागली. सुमारे ५५ हजार गेली. त्यांना इंग्रज सैन्याच्या हाताखाली फ्लँडर्समध्ये न्यव्ह-शापेलच्या आसपास सखल, चिखलाच्या पट्ट्यात ठेवले गेले. त्याच गावासाठी १९१५ च्या मार्चमध्ये हिंदी शिपाई लढले होते. आज तेथे बेपत्ता झालेल्या हिंदी सैनिकांचे स्मारक आहे, त्यावर ४,७०० हून अधिक नावे आहेत. आणि तेथून जवळच पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे, तीत १,८३१ थडगी आहेत. एका साम्राज्याचे गुलाम आणि दुसऱ्या साम्राज्याचे गरीब असे एकमेकांचे शेजारी झाले आहेत.

हिवाळ्यात ही माणसे मेंढीच्या कातड्याचे जाकीट अंगावर घालून खंदकात उभी राहात. अधिकाऱ्यांना रजा मिळे. त्यांतले काही जण घरी गेले ते परतलेच नाहीत. साध्या शिपायाला मात्र घर दिसणे कठीण. इकडे लिस्बनमध्ये अन्नाचा तुटवडा होता. १९१७ च्या मे महिन्यात भुकेल्या लोकांनी दुकाने लुटली. डिसेंबरात सिदोनिओ पाइश यांनी बंड करून सत्ता घेतली. हे पूर्वी बर्लिनमध्ये पोर्तुगालचे वकील होते आणि त्यांना युद्धाचा उत्साह नव्हता. फ्रान्सकडे जाणारी नवी कुमक आटली. ज्यांनी पाठविले ते खुर्चीवरून गेले, नवे आलेल्यांना पाठविणे नको होते, आणि मध्ये अडकलेले शिपाई होते तेथेच राहिले. दमलेल्या पलटणींत शिस्त मोडू लागली. शेवटी त्यांना मागे घ्यायचे ठरले, पण ९ एप्रिल १९१८ च्या पहाटे जर्मन तोफा सुरू झाल्या. लीस नदीकाठच्या त्या लढाईत पोर्तुगीजांची दुसरी डिव्हिजन काही तासांत मोडली. सुमारे सात हजार माणसे गमावली. त्यांतील बहुतेक कैद झाली. इंग्रज अधिकाऱ्यांनी पुढे या शिपायांची बरीच टवाळी केली. मला त्या टवाळीचा राग येतो. वर्षभर न बदललेली, न विचारलेली माणसे किती काळ उभी राहणार?

आफ्रिकेची कथा याहून वाईट आहे आणि याहून कमी सांगितली जाते. मोझांबिकमध्ये पोर्तुगालने चार मोहिमा पाठविल्या. हिवतापाने आणि हगवणीने तेथे इतके शिपाई मेले की फ्रान्समधील मृत्यूंपेक्षा हा आकडा मोठा भरतो. १९१७ च्या नोव्हेंबरात जर्मन सेनापती लेट्टो-फोरबेक रुवुमा नदी उतरून आला आणि नेगोमानोचे पोर्तुगीज ठाणे जिंकून त्यांच्याच बंदुका व दारूगोळा घेऊन पुढे गेला. ओझी वाहायला तेथील आफ्रिकी माणसांना सक्तीने धरून नेत. त्या सक्तीविरुद्ध बारूए भागात १९१७ मध्ये मोठा उठाव झाला. हे हमाल किती मेले, याची नीट मोजदाद कोणी केली नाही. शिपायाला निदान थडगे मिळाले. युद्धाअखेर पोर्तुगालला नवी जमीन मिळाली ती किओंगा नावाचा, नदीच्या मुखाजवळचा एक लहानसा त्रिकोण!

गेल्या वर्षी आमच्या वादविवाद स्पर्धेत ‘तटस्थता हा भित्र्यांचा धर्म होय’ असा विषय होता. टाळ्या अनुकूल बाजूला जास्त पडल्या. तटस्थ राहणे म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक, असे माझे एक मित्र फार सुंदर बोलले. मला त्यांचे बोलणे खोटे वाटत नाही. जर्मनीने १९१४ मध्ये तटस्थ बेल्जियमला तुडविले, तेव्हा गप्प राहणे नीतीला धरून होते असे मी म्हणणार नाही. पण शूर कोण आणि भित्रा कोण हे ठरविताना आपण नेहमी सरकारकडे पाहतो. शौर्याची घोषणा एकाने करायची आणि मेंढीचे कातडे दुसऱ्याने पांघरायचे, ही वाटणी आपण गृहीतच धरतो.

यावर कोणी म्हणेल, मग सालाझार बरा. दुसऱ्या महायुद्धात त्याने पोर्तुगालला तटस्थ ठेवले. खरे आहे. पण तेथेही कोणाला विचारले नव्हते. हुकूमशहाने ठरविले आणि देश घरी बसला. त्या तटस्थतेतही भोके होतीच. १९४३ मध्ये त्याने अझोर्स बेटांवर इंग्रजांना तळ दिला. आणि त्याच वर्षी ९ मार्चच्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या इंग्रज स्वयंसेवकांनी तटस्थ मुरगाव बंदरात शिरून ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर छापा घातला. माझा आक्षेप युद्धाला आहे त्याहून अधिक या न विचारण्याला आहे.

एकदा मात्र विचारले गेले. १९१८ च्या मार्चअखेर सिदोनिओ पाइश यांनी सर्व प्रौढ पुरुषांना, निरक्षरांनाही, मत दिले. एप्रिलअखेर अध्यक्षपदाची निवडणूक झाली. उमेदवार एकच होता, स्वतः पाइश. जे खंदकात होते आणि जे ९ एप्रिलला कैद होऊन जर्मनीत गेले, त्यांच्यापर्यंत ही बातमी कधी पोहोचली असेल कोण जाणे. डिसेंबरात पाइश यांचा लिस्बनच्या रेल्वे स्टेशनात खून झाला. १९१९ च्या आरंभी कैदी आणि शिपाई बोटींनी घरी येऊ लागले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जुना मतदानाचा कायदा पुन्हा लागू झाला, आणि ज्यांना सही करता येत नव्हती त्यांची नावे मतदारयादीतून गेली.