भाईजानला कोण विचारणार?

मुलगी कॉलेजात जाऊ लागली की घरात सूचनांचा पाऊस पडतो. कुणाबरोबर चाललीस, मोबाइल सुरू ठेव, मगरिबच्या आत घरी ये. भाईजान बॅट उचलून निघाला तर त्याला मात्र कुणी काही विचारत नाही.

अमेरिकेत मेरी कॉस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ३२ महाविद्यालये, सहा हजारांवर विद्यार्थी. बलात्कार झालेल्या मुलींपैकी ८४ टक्के मुली त्या पुरुषाला ओळखत होत्या. निम्म्याहून अधिक प्रकार ‘डेट’वर, म्हणजे दोघे ठरवून भेटलेले असताना घडले होते. आपण मुलींना भीती घालतो ती अंधाऱ्या गल्लीची! आम्हाला खरा धक्का बसला तो मुलांच्या उत्तरांनी. जबरदस्ती केल्याचे काहींनी लिहून दिले, पण तो बलात्कार होता हे त्यांतल्या बहुतेकांना मान्यच नव्हते. ती आपणहून भेटायला आली, मग आता नकार कसला, असा हिशेब. भेटायला येणे म्हणजे सगळ्याला होकार नव्हे, एवढी साधी तरबियत त्यांना कुणी दिलीच नव्हती.

खेळाडूंबद्दल १९९५ साली आणखी एक अभ्यास आला. तिथल्या १० मोठ्या विद्यापीठांत खेळाडू मुलगे सुमारे ३ टक्के, पण लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींत त्यांचा वाटा १९ टक्के. एकूण तक्रारी थोड्या होत्या, तेव्हा यावरून प्रत्येक खेळाडूकडे संशयाने पाहू नये. पण संघातली मुले एकमेकांचे ऐकतात, आणि अब्बांपेक्षा कोचचे जास्त ऐकतात, हे कुठल्याही मैदानावर दिसते.

हेच हेरून तिकडे प्रशिक्षकांनाच कामाला लावले. आठवड्यातून एकदा, सरावाच्या वेळी १५ मिनिटे बोलायचे: मुलींविषयी घाणेरडे विनोद, मैत्रिणीवर पाळत, तिची मर्जी. कॅलिफोर्नियातील १६ शाळांत हे तपासले. वर्षभराने पाहिले तर या मुलांकडून मैत्रिणींना होणारा त्रास इतर खेळाडूंच्या तुलनेत कमी होता.

मुंबईत २०१० च्या सुमारास हाच उपक्रम ‘परिवर्तन’ नावाने क्रिकेटमध्ये आला. शालेय संघांचे कोच त्यात होतेच, शिवाय गोवंडीच्या शिवाजीनगरमधले वस्तीतलेच तरुण मुलांना खेळवत आणि बोलते करत.

आमच्या शाळेतल्या पी.टी. सरांपुढे आम्ही हे ठेवले. ते म्हणाले, “पोरं हसतील हो.” पहिल्या आठवड्यात हसतीलच. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बसवायचे, असे आमचे ठरले आहे.