बैल अजून गोठ्यातच आहे

घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला कर्करोगाचे किंवा हृदयविकाराचे निदान झाले, की त्याच्या विडी-सिगारेटवरून घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "एवढे होऊनही यांचे डोळे उघडत नाहीत!" दुसरा म्हणतो, "जाऊ द्या हो, आता सोडून काय उपयोग? बैल गेला नि झोपा केला. उरलेले दिवस तरी सुखाने जाऊ देत." पहिला पक्ष कठोर वाटतो, दुसरा दयाळू. माझ्या मते दोघेही चुकतात आणि दयाळू पक्षाची चूक अधिक घातक ठरते. कारण ती मायेचे रूप घेऊन येते व तिला कोणी विरोध करत नाही.

"आता काय उपयोग?" या प्रश्नाला संशोधनाने उत्तर दिलेले आहे. हृदयविकार जडल्यानंतर धूम्रपान सोडणारे आणि न सोडणारे यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा आढावा 2003 साली प्रसिद्ध झाला. सोडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे 36 टक्क्यांनी कमी आढळला. 2010 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला आढावा थेट फुप्फुसाच्या कर्करोगासंबंधी होता. रोगाचा अधिक आढळणारा प्रकार प्राथमिक अवस्थेत सापडलेल्या 65 वर्षांच्या रुग्णांचा अंदाज त्यात मांडला होता. ओढणे चालू ठेवणाऱ्यांपैकी 33 टक्के पाच वर्षांनी हयात असतील, तर सोडणाऱ्यांपैकी 70 टक्के!

यावर कोणी चिकित्सक वाचक म्हणेल, की ज्यांना सोडणे जमले ते मुळातच अधिक धडधाकट असतील. शंका रास्त आहे. म्हणून 1986 साली अमेरिका व कॅनडात सुरू झालेला एक प्रयोग महत्त्वाचा वाटतो. श्वासनलिकांच्या विकाराची सुरुवात झालेले 5,887 धूम्रपान करणारे त्यात होते. धूम्रपान सोडण्यासाठी खास मदत कोणाला मिळणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ठरवले गेले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे 22 टक्के पाचही वर्षे धूम्रपानापासून दूर राहिले. इतरांत हेच प्रमाण 5 टक्के होते. साडेचौदा वर्षांनी मोजदाद केली तेव्हा मदत मिळालेल्या गटात मृत्यूंचे प्रमाणही कमी भरले. तात्पर्य, आजार आला म्हणजे बैल गेला असे नव्हे. तो अजून गोठ्यातच आहे. झोपा करायला वेळ आहे.

आता कठोर पक्षाकडे वळू. "इच्छाशक्तीच नाही" हा त्यांचा आवडता निवाडा. परंतु निकोटिनचे व्यसन हाही एक विकारच आहे, आणि भयाने ग्रासलेल्या माणसाची तलफ वाढते, कमी होत नाही. बोलणी बसली की तो विडी सोडत नाही, लपवून ओढू लागतो. डॉक्टरांपाशीही खरे बोलत नाही.

मग उपयोगी काय पडते? बोस्टन व न्यूयॉर्क येथील 303 नव्या कर्करुग्णांवरील प्रयोग 2020 साली प्रसिद्ध झाला. सर्वांनाच सुरुवातीला दूरध्वनीवरून सल्ला दिला होता. एका गटाचे फोन पुढे अनेक महिने चालू ठेवले आणि औषधेही मोफत दिली. सहा महिन्यांनी त्या गटातील 34.5 टक्के रुग्ण धूम्रपानमुक्त होते, दुसऱ्यातील 21.5 टक्के. रुग्णालयांतील प्रयोगांचा 2012 सालचा आढावाही तेच सांगतो: घरी गेल्यावर निदान महिनाभर पाठपुरावा झाला, तरच रुग्णालयातील उपदेशाला फळ येते.

हे श्रीमंत देशांचे लाड आहेत असे कोणी समजू नये. केरळात 224 मधुमेही पुरुषांवर झालेला प्रयोग 2013 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ डॉक्टरांचा सल्ला व माहितीपत्रके मिळाली, त्यांच्यापैकी सहा महिन्यांनी साडेबारा टक्के धूम्रपान न करणारे होते. ज्यांच्याशी प्रशिक्षित आरोग्यसेवक आणखी तीन वेळा सविस्तर बोलले, त्यांच्यापैकी जवळजवळ 52 टक्के! हे आरोग्यसेवक डॉक्टर नव्हते, ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. निपाणीच्या तंबाखूवर येथील कितीतरी चुली पेटल्या, विड्या वळण्यात कितीतरी बायकांचे आयुष्य सरले. मात्र ज्या मातीत तंबाखू पिकतो, तिथल्या आजारी माणसाला तो सोडवण्यासाठी हात देणे हेही आपलेच काम आहे. शासनाची मोफत दूरध्वनी सेवा, क्रमांक 1800-11-2356, 2016 साली दिल्लीहून सुरू झाली. पुढे मुंबई आणि बंगळूर येथेही तिची केंद्रे निघाली. पण थरथरत्या हाताने तो क्रमांक फिरवायला शेजारी कोणी बसलेले असावे लागते. रुग्णालयातून घरी निघालेल्या रुग्णाच्या कागदावर औषधांबरोबर पाठपुराव्याची तारीखही लिहिली जावी. आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी, डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली थोडे प्रशिक्षण घेऊन, मराठी-कन्नड दोन्ही भाषांत ही विचारपूस करावी. श्रमदानाचा हाही एक प्रकारच नव्हे काय?

ज्याची अखेरची घटका भरली आहे, त्याच्या हातातली विडी कोणी हिसकावून घेऊ नये. तिथे शास्त्रापेक्षा माणुसकी मोठी. परंतु ज्याच्यापुढे अजून वर्षे आहेत, त्याला "आता काय उपयोग" म्हणून सोडून देणे ही माणुसकी नव्हे. सोडताना एकदा चुकला, दोनदा चुकला, तरी तिसऱ्यांदा त्याच्या उशाशी बसून "पुन्हा प्रयत्न करू या" म्हणणारे माणूस त्याला मिळाले पाहिजे. ते माणूस आपल्यापैकी कोणीही होऊ शकते.